फाटकाजवळची केल

आमच्या फाटकातून आत आलं की उजव्या हाताला मातीचा एक तुकडा आहे. दोन खाटा जोडून टाकल्या तर भरून जाईल, एवढाच. बाकी सगळ्या अंगणात फरशी आहे आणि ती मीच घालून घेतली. म्हणजे आत्ताच्या मी नाही, तेव्हाच्या मी. मेहकरात हे घर बांधलं तेव्हा मी नवी नवी शिक्षिका होते, साडीच्या रंगाची पर्स वापरत होते आणि पायाला माती लागणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे असं माझं ठाम मत होतं. मिस्त्री बिचारा विचारत होता, "मॅडम, दोन झाडापुरती जागा सोडू काय?" त्यावर मी जे उत्तर दिलं ते आमचे हे अजूनही पाहुण्यांना म्हणून दाखवतात, माझ्या तेव्हाच्या आवाजासकट. "आपण शेत सोडून शहरात आलो आहोत, शेत सोबत घेऊन आलेलो नाही."

मेहकरला शहर म्हणणारी ती बाई. तिचं-माझं फारसं जमत नाही. फाटकाजवळचा तुकडा उघडा राहिला तोही तिच्या शहाणपणामुळे नव्हे. फरशी कमी पडली, मिस्त्री मेव्हण्याच्या लग्नाला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. ती महिनाभर त्याच्या नावानं बोटं मोडत होती. मी मात्र रोज सकाळी त्या मातीत बसते तेव्हा त्याला मनातल्या मनात जयभीम करते.

निवृत्त झाल्यावर त्या तुकड्यात मी आधी कोथिंबीर टाकली. मग मेथी, मग वांगी, मग भिंतीवर वालाचा वेल. गुडघे कुरकुरतात म्हणून बसायला उंच पाट ठेवला. शाळेत आयुष्यभर बोलून बोलून मी दमले होते आणि इथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. सकाळचा चहा तिथेच व्हायचा. हळूहळू घरात सगळे त्याला 'आईचा वाफा' म्हणायला लागले, म्हणजे सातबारा माझ्या नावावर झाला असंच मी समजत होते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ह्यांच्या डोक्यात गट्टू शिरले. सिमेंटचे ते रंगीत ठोकळे असतात ना, हल्ली ज्याच्या त्याच्या दारात बसवतात, ते. मुलगा पुण्याला असतो. त्यानं गाडी घेतली. सणाला येतो तेव्हा ती बाहेर गल्लीत उभी राहते आणि गल्लीतल्या बकऱ्या तिच्या टपावर चढून बसतात. मुलगा खालून "हड हड" करतो, बकरी वरून त्याच्याकडे शांतपणे बघते. मला तो देखावा फार आवडायचा. ह्यांना आवडायचा नाही.

"फरशी काढून टाकू," हे म्हणाले. "फाटकापासून गट्टू. गाडी सरळ आत."

"आणि माझा वाफा?"

"गाडीले वळाले जागा लागते, मॅडम." हे मला मॅडमच म्हणतात, आधी कौतुकानं म्हणायचे, नंतर सवयीनं. "अन् तूच तर म्हनत होती, आपण शेत सोबत घेऊन आलो नाई."

म्हणजे माझीच ती बाई माझ्या विरुद्ध साक्षीला उभी. मी पुष्कळ भांडले. ह्यांचं म्हणणं एकच, की तू जे पिकवते ते आठवडी बाजारात ढीगभर मिळते. मी म्हटलं, बाजारात न मिळणारं पिकवलं तर? "पिकवलं तरी कोनी खाल्लं पायजे ना."

"तुम्ही खाल," मी म्हटलं. "आणि स्वतःच्या तोंडानं 'अजून वाढ' म्हणाल. म्हणालात तर वाफा राहील. नाही म्हणालात तर मी स्वतः कुदळ आणून देते."

हे हसले, कारण त्यांना जिंकल्याची खात्री होती. आमच्या सबंध संसारात या माणसानं 'अजून वाढ' म्हटलेलं नाही. आवडलं की गप्प जेवतात आणि नाही आवडलं तरी गप्प जेवतात. वाढायला गेलं की ताटावर हात आडवा. "मंजूर," म्हणाले. "नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी गट्टूवाला माप घ्याले येते. तोवर तुही मुदत."

बाजारात न मिळणारं काय, हे माझ्या नातीनं ठरवलं. ती पुण्याला कॉलेजात आहे आणि जेवते कमी, जेवणाबद्दल वाचते जास्त. तिनं कुरिअरनं बियांचं पाकीट पाठवलं आणि व्हिडिओ कॉलवर मला शिकवणी दिली. "आजी, ही केल. कोबीची बहीण समज. पण हिला गड्डा येत नाही, नुसती पानंच. आणि ऐक, झाड उपटायचं नाही. खालचं एक एक पान तोडायचं, वरून नवीन येत राहतं. उन्हाळ्यापर्यंत पुरेल तुला."

बी दिसायला थेट मोहरी. मी एक दाणा दाताखाली धरून पाहिला, चवीलाही मोहरीचीच चुलतबहीण. पाकीट एवढंसं होतं, तेव्हा राखून ठेवण्यासारखं काही नव्हतं. पाऊस उघडल्यावर सगळंच बी चहाच्या कागदी कपांत टाकलं. शेणखत चाळून घेतलं, मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती राख पसरली. चार-पाच दिवसांत प्रत्येक कपात दोन-दोन गोल पानं, हात जोडून उभी राहिल्यासारखी. ऑक्टोबरचं ऊन त्यांना सोसेना म्हणून माझी जुनी व्हॉइलची साडी चार काठ्यांवर ताणली. तिच्या सावलीत रोपं बोटभर झाली, मग संध्याकाळचं एकेक रोप हातभर अंतर ठेवून वाफ्यात लावलं. आपल्याकडे पालेभाजी म्हणजे मूठ भरून बी फेकायचं आणि वर खराटा फिरवायचा. एवढी ऐसपैस जागा दिलेली पालेभाजी मी पहिल्यांदाच बघत होते. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांसारखी ती रोपं आपापल्या खुर्चीत बसली होती.

मग पांढरी फुलपाखरं आली. दोन दिवस मी त्यांचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी पानांना भोकं. हे चहाचा कप घेऊन वाफ्यापाशी आले, वाकून बघितलं आणि मोठ्या आनंदानं म्हणाले, "अळी पडली तुह्या केलले." असं म्हणाले आणि कप खाली ठेवून स्वतःच अळ्या वेचायला लागले. मी माझ्या बाजूच्या अळ्या वेचत राहिले. शत्रू आपल्या बाजूनं लढत असला की त्याचं लक्ष वेधून घेऊ नये.

दिवाळी झाली, थंडी उतरली आणि पानं खरंच तयार झाली. काळपट हिरवी, कडेला झालर लावल्यासारखी चुण्या-चुण्यांची. नातीनं सांगितलं, कच्ची खायची. लिंबू, मीठ, तेल लावून पानांना हातानं मालिश करायची, म्हणजे मऊ होतात. मालिश म्हटल्यावर मला बळ आलं. घरातल्या सगळ्या बाळांना न्हाऊ-माखू घातलेले हे हात. मी पानं परातीत घेतली आणि असं रगडलं की नात फोनवरून ओरडली, "आजी, हळू, ते बाळ नाहीये."

हे ताटातल्या त्या हिरव्या ढिगाकडे बघत राहिले. एक पान तोंडात टाकलं. चावलं. परत चावलं. बराच वेळ चावत होते.

"कसं आहे?"

"चालू आहे," हे म्हणाले, आणि चावतच राहिले. शेवटी पाणी पिऊन गिळलं. "बकऱ्यांना विचारून पाह्य. गाडीवरून तरी उतरतीन."

दुसऱ्या वेळी मी पानं बारीक चिरून पराठ्यात लपवली. ह्यांनी पराठा उलगडला, आतलं पाहिलं, परत मिटला आणि गप्प खाल्ला. हात आडवा. रविवार आठवड्यावर आला होता. मी वाफ्यात बसून त्या झालरीच्या पानांना म्हटलं, बायांनो, तुम्ही दिसता छान, पण आता काहीतरी करा.

त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या जाऊबाई आल्या. ह्यांची सगळ्यात थोरली वहिनी, उंद्रीला असतात, डोळे तपासायला म्हणून एसटीनं आल्या होत्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा हे लहान होते. ह्यांना वाढवलं ते या वहिनीनं. अजूनही त्या समोर असल्या की हे पाय खाली सोडून नीट बसतात.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बँकेत जायचं होतं. आपण जिवंत आहोत हे पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात दाखवून यावं लागतं. "तुम्ही बसा," मी जाऊबाईंना म्हटलं, "आम्ही जिवंत असल्याचं सांगून येतो." बँकेत माझ्या अंगठ्याचा ठसा उमटेना. आयुष्यभर खडू आणि आता माती, रेषाच उरल्या नाहीत. साहेब म्हणाला, आजी, हात धुऊन या. धुतला. पुसला. डोक्याच्या केसांवर घासला. शेवटी कुठल्या तरी बोटानं मी जिवंत ठरले. दुपार टळली होती.

फाटक उघडलं आणि मी थांबले. वाफा मोकळा होता. काळी माती, तीवर ओळीनं खड्डे, बाकी काही नाही.

जाऊबाई ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात पाण्याचं घमेलं, आणि बाजूला माझी केल. मुळं स्वच्छ धुतलेली, पानं एकाच बाजूला, सुतळीनं बांधलेल्या ठसठशीत जुड्या. बाजारात पहिल्या नंबरला विकल्या जाव्यात अशा.

"आली काय?" त्या म्हणाल्या. "भाजी लय जून होऊन राह्यली होती, पहा. अजून दोन दिवस ठेवती तर लाकूड झालं असतं. तुले बँकेतून येऊन कुठे करनं होते, म्हून म्याच घेतली काढून."

माझ्या मागे हे उभे होते. ह्यांनी एकदा वाफ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं हसतील. हसले नाहीत, चपला काढून मुकाट्यानं आत गेले.

मी काय बोलणार होते? पालेभाजी कशी काढायची हे मला शिकवलं कुणी, तर याच बाईंनी. लग्न होऊन मी देऊळगाव राजाहून उंद्रीला आले, तेव्हा मॅट्रिक झालेली एकुलती एक सून होते आणि ते कुणाला विसरू देत नव्हते. पहिल्याच हिवाळ्यात जाऊबाईंनी मला मळ्यात मेथी आणायला पाठवलं. मी सोबत शिवणाची कात्री नेली. पोतं अंथरून बसले आणि मेथीचं एकेक पान कात्रीनं कापत गेले, देठ मातीतच ठेवून. ऊन डोक्यावर आलं तरी टोपलीचा तळ झाकला नव्हता. जाऊबाई शोधत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काऊन वं, मेथीचे केस कापून राह्यली काय?"

तेव्हाची ती शहाणी उठून उभी राहिली आणि शाळेत वक्तृत्व स्पर्धेत बोलतात तसं बोलली, "रोप मुळासकट उपटणं हा त्या रोपावर अन्याय आहे." मळ्यातल्या बाया काम थांबवून ऐकत होत्या. एकीनं तर टाळी वाजवली. जाऊबाईंनी वाकून एक मूठ मेथी उपटली, पायावर आपटून माती झाडली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अन्याव झाला. आता चाल, सैपाक राह्यला." तेव्हापासून मी पालेभाजी उपटूनच काढत आले, आणि माझ्या सुनेलाही तेच शिकवलं.

आता त्यांना मी सांगायला गेले की ही भाजी उपटायची नसते, एक एक पान तोडायचं असतं, तर माझ्याच कानांना ती मळ्यातली मुलगी बोलल्यासारखं ऐकू यायला लागलं. पण सांगितलं. गट्टूचंही सांगितलं, रविवारचं सांगितलं, 'अजून वाढ'चंही सांगितलं. जाऊबाई ऐकत होत्या. हातातली जुडी त्यांनी हळूच घमेल्यात परत ठेवली.

"मंग सांगून गेली असती ना तू."

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही कुठे भाजीला हात लावायच्या, पाहुण्या आहात."

"पाव्हनी," त्या म्हणाल्या, जशी मी शिवी दिली. मग डोळे बारीक करून एक रोप उचललं, मूळ चाचपलं. "कोबीची बहीण म्हनते ना? कोबीचं रोप एका वाफ्यातून काढून दुसऱ्यात लावतो का नाई आपन? हे बी लागन. पानं सगळी उतरवून टाक, नुसता शेंडा ठेव. पानं ठेवली तर पानी ओढून झाड मरन. उठ, ऊन उतरलं."

आम्ही दोघी बसलो. सुतळ्या सोडल्या, मोठी पानं तोडून परातीत टाकली, शेंड्याची दोन-तीन कोवळी पानं तेवढी ठेवली. मी खड्डे मोकळे केले, त्यांनी एकेक रोप ठेवून अंगठ्यानं माती दाबली. व्हॉइलची साडी परत काठ्यांवर चढली. वाफा आता झाडांचा वाटत नव्हता, हिरव्या टोप्या घातलेल्या काड्यांचा वाटत होता. त्यातली किती जगतील याची मला शंका होती, आणि जगल्या तरी रविवारपर्यंत खाण्याजोगं पान येणं शक्य नव्हतं. माझ्याकडे काय असेल ते परातीत होतं.

"ह्याची मालिश करतात," मी जाऊबाईंना म्हटलं.

"कायची?"

"पानांची. तेल लावून."

त्यांनी डोक्याला हात लावला. "मास्तरीन झाली पन अक्कल तशीच राह्यली," म्हणाल्या आणि विळी ओढली.

देठाची जाड शीर काढली आणि पानं बारीक चिरली. उंद्रीहून येताना त्यांनी पिशवीत तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या आणल्या होत्या, अंबाडीच्या भाजीत घालतात तशा. दोन्ही कुकरमध्ये शिजवल्या. पानं वेगळी उकडून हातानं घोटली, डाळ-कण्यांत मिसळली, हिरवी मिरची कुटून टाकली आणि पातेलं मंद आचेवर ठेवलं. लिंबाचा रस पिळला, कारण अंबाडीसारखा आंबटपणा या केलबाईत नव्हता. शेवटी लोखंडी पळीत तेल, त्यात ठेचलेला भरपूर लसूण, लाल होईपर्यंत. ती पळी भाजीत बुडवली तेव्हा असा आवाज आणि असा वास आला की हे बाहेरच्या खोलीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि काही आठवत नसल्यासारखे परत गेले.

जेवायला बसलो. भाकरी गरम होती. जाऊबाईंनी ह्यांच्या ताटात भाजी घातली आणि मध्ये खड्डा करून त्यात कच्चं तेल सोडलं, ह्यांच्या लहानपणी सोडायच्या तसं. मी खाली मान घालून माझं ताट बघत होते. बोलायचं नाही असं आमचं दोघींचं ठरलं होतं. पहिली भाकरी गप्प संपली. दुसरी गप्प संपली. भाजी संपली. मी वाढायला हात पुढे केला नाही, मुद्दामच. पातेलं जाऊबाईंच्या मांडीशी, माझ्यापासून दूर.

हे थोडा वेळ रिकाम्या ताटाकडे पाहत बसले. बोटानं ताट पुसलं. मग भाकरीचा चतकोर उचलला आणि म्हणाले, "वैनी, अजून वाढ."

जाऊबाईंनी वाढली. "आवडली?"

"हाव. अंबाडी कोठून भेटली आता?"

"अंबाडी नाई, बाबा. तुह्या बायकोच्या वाफ्यातली हाय."

ह्यांचा घास हातातच राहिला. मी वर पाहिलं नाही. मला हसू आवरत नव्हतं आणि अशा वेळी माझं हसू फार वाईट दिसतं. "म्या वैनीले म्हटलं," हे म्हणाले. "मॅडमले नाई म्हटलं. ठरलं होतं ते मॅडमचं."

"कोनाले म्हटलं ते नव्हतं ठरलं," जाऊबाई म्हणाल्या. "तोंडानं म्हनाचं ठरलं होतं. खा आता, थंडी होते भाजी."

ह्यांनी खाल्ली. वर ताट पुढे करून पातेल्याचा तळही मागून घेतला. मग पाणी पिताना म्हणाले, "तुम्ही दोघी एक झाल्या की मानसानं जावं कोठे?"

जाऊबाई शुक्रवारी उंद्रीला परतायच्या होत्या, त्या थांबल्या. डोळ्यांचं निमित्त सांगितलं, पण सकाळ-संध्याकाळ वाफ्यावर पाण्याचा शिपका त्याच मारत होत्या. काही रोपं माना टाकून गेली. उरलेली दोन दिवस मलूल होती आणि मग एका सकाळी त्यांचे शेंडे ताठ दिसले. जाऊबाईंनी मला हाक मारून दाखवलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "अन्याव केला म्हनू नको."

रविवारी गट्टूवाला आला. दोरी, खुंट्या आणि हातात फीत. त्यानं फाटकापासून मापायला सुरुवात केली आणि पहिली खुंटी ठोकायला नेमका वाफ्यात वाकला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. बाहेर जायचं नाही असं स्वतःला बजावून कणीक मळत होते, पण कान बाहेर होते.

"तिथे नको," हे म्हणाले.

"काका, मग गाडी वळन नाई. उलटीच बाहेर काढा लागन."

"काढन तो उलटी. पुन्यात शिकला ना गाडी."

"अन् हे काय लावलं एवढं साडी बांधून?"

खुंटी ह्यांनी त्याच्या हातातून घेतली, वाफ्याच्या कडेपासून वीतभर आणखी अलीकडे सरकून फरशीच्या सांध्यात ठेवली आणि बोटानं दाखवलं, इथून. मग म्हणाले, "भाजी हाय. उपटाची नसते ते. खालचं एक एक पान तोडाचं, झाड तसंच ठेवाचं."

गट्टूवाला हो-हो म्हणत दोरी ताणायला लागला. ओट्यावर बसलेल्या जाऊबाईंनी खिडकीकडे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी चहाचं पातेलं मोठं घेतलं.